एकरभर आभाळ आणि युरियाची गोणी

जुलै सरत येतो, कपाशी वीतभर होते, पहिली डवरणी आटोपते आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या कृषी केंद्रांसमोर युरियासाठी माणसे उभी राहतात. दारव्हा असो, घाटंजी असो की पांढरकवडा असो, दृश्य सारखेच. २०१८ पासून युरियाची गोणी पंचेचाळीस किलोची झाली आहे. कडुनिंबाचे आवरण दिलेल्या या गोणीला शेतकरी दोनशे साडेसहासष्ट रुपये मोजतो. तिच्यात नत्र असते शेकडा शेहेचाळीस, म्हणजे साधारण पावणेएकवीस किलो. एवढ्या नत्रासाठी तो रांगेत उभा राहतो, हातात पैसा नसेल तर उधारी करतो, आणि गोणी डोक्यावर घेऊन धुऱ्याधुऱ्याने शेत गाठतो.

आता त्याच्याच शेतावरच्या आभाळाचा हिशेब करून पाहा. हवेला वजन असते हे आपण शाळेत शिकलो. यवतमाळच्या उंचीवर एका एकरावर उभ्या असलेल्या हवेचे वजन जवळजवळ चाळीस हजार टन भरते. त्यातला तीन चतुर्थांश भाग नायट्रोजन, म्हणजे शेतकऱ्याच्या भाषेतला नत्रच. तीस हजार टन नत्र एका एकरावर! युरियाच्या गोण्यांत मोजायचे तर चौदा लाखांहून अधिक गोण्या. कोरडवाहू एकराचा धनी एवढ्या संपत्तीच्या खाली उभा राहून एका गोणीसाठी उधारी करतो. या विरोधाभासाला जबाबदार कोण? सावकार नव्हे, सरकार नव्हे, व्यापारीही नव्हे. जबाबदार आहे नायट्रोजनच्या रेणूची घट्ट मिठी.

हवेतला नायट्रोजन एकटा हिंडत नाही. त्याचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने धरून असतात. ऑक्सिजनचीही जोडीच असते, पण नायट्रोजनची जोडी फोडायला तिच्या जवळजवळ दुप्पट ऊर्जा लागते. ही जोडी फुटल्याशिवाय त्यातला नत्र पिकाच्या कामाचा नाही. आपण प्रत्येक श्वासाबरोबर नायट्रोजन आत घेतो आणि जसाच्या तसा बाहेर सोडतो. पऱ्हाटीचेही तेच. आभाळात वीज कडाडते तेव्हा थोड्या जोड्या फुटतात आणि पावसाबरोबर थोडा नत्र जमिनीत येतो. पण त्यावर कपाशीची बोंडे भरत नाहीत. ती भरतात कारखान्यात फोडलेल्या नायट्रोजनवर. आणि कारखान्यात ही मिठी सुटते ती लोखंडाच्या अंगावर. वायूचा रेणू धातूवर आदळतो तेव्हा ऊर्जेची देवघेव कशी होते, या एका प्रश्नावर आपली गोणी उभी आहे. प्रश्न प्रयोगशाळेतला वाटतो खरा, पण त्याची मुळे आपल्या रोजच्या जगण्यात आहेत.

वायूचे रेणू कधी स्वस्थ बसत नाहीत. यवतमाळच्या उन्हाळी दुपारी नायट्रोजनचा रेणू सेकंदाला सरासरी पाचशे मीटरच्या आसपास वेगाने धावत असतो. बंदुकीच्या गोळीशी तुलना व्हावी असा हा वेग. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर दर सेकंदाला असे किती रेणू आदळतात? तीनावर तेवीस शून्ये दिली म्हणजे जी संख्या होते, साधारण तितके. प्रत्येक टक्कर सेकंदाच्या काही लक्ष कोट्यंशात संपते. टिनाच्या घरात मे महिन्याची दुपार काढलेल्या माणसाला या टकरींची ओळख करून द्यायला नको. उन्हाने तापलेल्या टिनातले अणू जागच्या जागी जोराने थरथरत असतात. घरातल्या हवेचा रेणू संथ चालीने टिनावर आदळतो आणि त्या थरथरीचा धक्का खाऊन जास्त वेगाने परत फिरतो. त्याने उचललेली ऊर्जा तो पुढच्या रेणूला देतो, पुढचा त्याच्या पुढच्याला. टिनाचे स्वतःचे किरण अंगावर येतात ते वेगळेच. रात्री टिन निवते तेव्हा हाच व्यवहार उलट्या दिशेने चालतो.

हा झाला स्थिर धातूचा मामला. धातू हलत असेल तर काय होते, हे या जिल्ह्याने सत्तर वर्षे डोळ्यांनी पाहिले. यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी आपली शकुंतला! मँचेस्टरला १९२१ साली तयार झालेले तिचे वाफेचे इंजिन १९२३ पासून धावू लागले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त झाले. कापूस वाहून नेण्यासाठी टाकलेल्या त्या अरुंद रुळांवर वाफेच्या रेणूंनी दट्ट्याला दिलेल्या धडकांवर गाडी चालत असे. क्रिकेट खेळलेल्या कोणालाही यातले मर्म सांगता येईल. फलंदाज बॅट पुढे घालतो तेव्हा चेंडू जास्त वेगाने परत जातो. तो बॅट सैल धरून मागे घेतो तेव्हा चेंडू पायाशीच मरून पडतो. दट्ट्या मागे सरकत असताना त्याच्यावर आदळलेला वाफेचा रेणू असाच मंद होऊन परततो. त्याने गमावलेली गती दट्ट्याला मिळते, दट्ट्याची चाकांना. वाफ थंडावते, गाडी पुढे सरकते. इंजिन म्हणजे अब्जावधी टकरींतून थोडी थोडी वर्गणी गोळा करण्याची व्यवस्था.

पण वर्गणी प्रत्येकाकडून सारखी मिळते काय? स्थिर धातूवर आदळलेला रेणू त्याच्याशी पूर्ण देवघेव करूनच परत फिरतो, असे आपण गृहीत धरून चालतो. थोर भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांनी १८७९ साली या गृहीतकाला प्रश्न केला. त्यांची मांडणी अशी, की काही रेणू पृष्ठभागावर क्षणभर विसावतात, त्याचे तापमान स्वीकारतात आणि मग सुटतात. उरलेले भिंतीवरच्या चेंडूसारखे तसेच परततात. पुढे डेन्मार्कच्या क्नुडसेन यांनी या देवघेवीचे माप ठरवले. देवघेव पूर्ण झाली तर एक, अजिबात झाली नाही तर शून्य. केंब्रिजमध्ये रॉबर्ट्स यांनी १९३०च्या दशकात टंगस्टनची तार खूप तापवून तिच्यावरचा मळ जाळून टाकला आणि मग तिच्यावर हेलियम सोडला. हेलियमने शक्य असलेल्या देवघेवीचा दहावा हिस्सासुद्धा केला नाही. मळकट तारेशी मात्र तोच हेलियम बराच मोकळेपणाने व्यवहार करीत होता.

याचे एक कारण वजनात आहे आणि ते कंचे खेळणाऱ्या पोरालाही कळेल. कंचा मोठ्या दगडावर मारला तर तो तसाच परत येतो, दगड ढिम्म हलत नाही. कंच्याने कंच्याला मारले तर आपली सगळी गती तो दुसऱ्याला देऊन टाकतो. बाउले नावाच्या गणितज्ञाने १९१४ साली याच धर्तीवर रेणूंचा हिशेब मांडला. हेलियमचे वजन ४, टंगस्टनच्या अणूचे १८४. समोरासमोरच्या टकरीत हेलियम आपल्या ऊर्जेपैकी फार तर आठ टक्के देऊ शकतो. आता नायट्रोजन आणि लोखंड घ्या. नायट्रोजनच्या रेणूचे वजन २८, लोखंडाच्या अणूचे ५६, नेमके दुप्पट. याच ढोबळ हिशेबाने नायट्रोजन आपल्या गतीच्या ऊर्जेतला नवापैकी आठ भाग देऊ शकतो. म्हणजे वजनाच्या दृष्टीने तरी ही जोडी चांगली जमते. ऊर्जा गमावलेला रेणू मंदावतो आणि मंदावलेला रेणूच पृष्ठभागावर थांबू शकतो.

थांबू शकतो, पण फुटू शकतो काय? इथे खरी अडचण आहे. साडेचारशे अंश सेल्सियसला तापवलेल्या नायट्रोजनच्या रेणूची धावण्याची सरासरी ऊर्जा घेतली, तर ती त्याची मिठी सोडवायला लागणाऱ्या ऊर्जेच्या शंभराव्या हिश्श्याएवढी भरते. डोके आपटून नारळ फोडावा तसे हे आपटून फुटणारे प्रकरण नव्हे.

तरीही ते फोडावे लागले, कारण विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपला भाकरीची चिंता लागली होती. खतासाठी चिली देशातून येणारा सोरा कायमचा पुरणारा नव्हता. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ साली प्रचंड दाबाखाली नायट्रोजन आणि हायड्रोजन यांचा संयोग घडवून अमोनिया मिळवून दाखवला. त्यासाठी त्यांनी वापरलेला ऑस्मियम हा धातू फार दुर्मीळ. मग कार्ल बॉश यांच्या हाताखाली आल्विन मिटाश यांनी हजारो प्रयोग केले. नाना धातू, नाना मिश्रणे. यश आले ते स्वीडनहून आणलेल्या एका लोहखनिजाला. त्यात पोटॅश आणि ॲल्युमिना थोड्या प्रमाणात मिसळल्यावर ते आणखी चांगले चालले. १९१३ साली जर्मनीतल्या ओपाऊ येथे कारखाना सुरू झाला. त्याच अमोनियापासून पहिल्या महायुद्धात स्फोटकेही बनली, हेही सांगितले पाहिजे. हाबर यांना १९१८ चे आणि बॉश यांना १९३१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कारखाने जगभर पसरले. परंतु लोखंडाच्या अंगावर नेमके काय घडते, हे त्या वेळी कोणालाच सांगता येत नव्हते. रेसिपी होती, कारण माहीत नव्हते.

ते कारण शोधण्याचे काम गेरहार्ड एर्ट्ल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात हाती घेतले. अडचण अशी, की साध्या हवेत स्वच्छ धातूचा पृष्ठभाग काही अब्जांश सेकंदांत वायूच्या रेणूंनी झाकून जातो. म्हणून एर्ट्ल यांनी अत्यंत विरळ निर्वातात लोखंडाचे शुद्ध स्फटिक ठेवले आणि त्यांवर मोजून मापून नायट्रोजन सोडला. त्यांना दिसले ते असे. सर्वांत संथ पायरी म्हणजे नायट्रोजनची जोडी फुटणे; ती फुटली की पुढचे सगळे सुरळीत होते. आणि स्वच्छ लोखंडावर आदळणाऱ्या सुमारे दहा लाख रेणूंपैकी एखादाच फुटून तिथे राहतो. बाकीचे सारे आले तसे निघून जातात. सेकंदाला तीनावर तेवीस शून्ये एवढ्या टकरी होत असल्या, तर दहा लाखांत एक हे प्रमाणही कारखाना चालवायला पुरते. १० ऑक्टोबर २००७ रोजी, त्यांच्या एकाहत्तराव्या वाढदिवशी, एर्ट्ल यांना नोबेल जाहीर झाले.

दहा लाखांतला तो एक कसा फुटतो? पीककर्जाच्या अर्जात बियाणे, खते, औषधे, मजुरी असे रकाने असतात. बँकेतल्या नोकरीत ते मी वर्षानुवर्षे भरून घेतले. तिथल्या भाषेत सांगायचे, तर लोखंड नायट्रोजनला तारण बदलून देते. जुना बंध तोडायला जी ऊर्जा हवी ती रोख आणावी लागत नाही. रेणू लोखंडावर विसावला, आडवा झाला, की लोखंडातले इलेक्ट्रॉन त्याच्यात शिरतात आणि दोन अणूंमधली मिठी सैल करतात. ती जसजशी सुटत जाते तसतसा प्रत्येक अणू लोखंडाशी नवा बंध बांधत जातो. एका हाताने देणे, दुसऱ्या हाताने घेणे. पोटॅशचे गुपितही इथेच उलगडले. त्यातला पोटॅशियम आपले इलेक्ट्रॉन लोखंडाला उदारपणे देतो आणि लोखंडाची देण्याची ताकद वाढवतो. पृष्ठभागाची घडणही महत्त्वाची. लोखंडाच्या स्फटिकाचा मोकळ्या, खडबडीत रचनेचा चेहरा त्याच्या दाट, सपाट चेहऱ्यापेक्षा सुमारे चारशे पट वेगाने अमोनिया घडवतो, असे अमेरिकेत सोमोरजाई यांच्या प्रयोगांत दिसले.

इलेक्ट्रॉनांचा हा हस्तक्षेप किती खोलवर जातो, हे अगदी अलीकडे कळू लागले आहे. २००० साली अमेरिकेत वोड्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जोराने कंप पावणारे नायट्रिक ऑक्साइडचे रेणू सोन्यावर सोडले. एकाच टकरीत त्यांनी आपल्या कंपनाची बरीच ऊर्जा गमावली. धातू नसलेल्या स्फटिकावर तेच रेणू सोडले तेव्हा त्यांची ऊर्जा जवळजवळ शाबूत राहिली. पुढे २०१५ साली जर्मनीतल्या ग्योटिंगेन येथे हायड्रोजनचे सुटे अणू सोन्यावर मारण्यात आले. हायड्रोजनचे वजन १, सोन्याचे १९७. कंच्यांच्या हिशेबाने दोन टक्के ऊर्जा जायला हवी होती. प्रत्यक्षात कितीतरी पट अधिक गेली. ती सोन्याच्या अणूंना गेली नव्हती, त्याच्यातल्या इलेक्ट्रॉनांच्या सागरात विरून गेली होती. मॅक्सवेल यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने सव्वाशे वर्षांनंतरही लिहिले जात आहे. वायू आणि धातू यांच्या व्यवहारात वजनाचे एक खाते आहे आणि इलेक्ट्रॉनांचे दुसरे. दोन्ही खाती एकत्र वाचली तरच हिशेब जुळतो.

आता पुन्हा कृषी केंद्राच्या रांगेकडे येऊ. आपल्या राज्यात तुर्भ्याचा म्हणजे ट्रॉम्बेचा खत कारखाना १९६५ साली सुरू झाला आणि अलिबागजवळ थळचा कारखाना १९८०च्या दशकाच्या मध्यास. 'सुफला' आणि 'उज्ज्वला' ही नावे विदर्भातल्या कोठल्याही शेतकऱ्याला पाठ आहेत. आपल्याला जवळचा म्हणावा तर वणीच्या दक्षिणेला, गोदावरी ओलांडली की लागणारा रामगुंडमचा कारखाना. तो आधी दगडी कोळशावर चालत असे. १९९९ साली बंद पडला आणि २०२१ पासून नव्या रूपात नैसर्गिक वायूवर चालू लागला. या सगळ्या कारखान्यांच्या पोटात लोखंडच आहे, चारशे ते पाचशे अंश तापलेले आणि वातावरणाच्या शंभराहून अधिक पट दाबाखाली ठेवलेले. नायट्रोजन हवेतून फुकट मिळतो. पण त्याच्याशी जुळवायचा हायड्रोजन नैसर्गिक वायूतून काढावा लागतो आणि त्या वायूचा मोठा भाग आपण परदेशातून आणतो. दोनशे साडेसहासष्ट रुपये ही त्या गोणीची खरी किंमत नव्हे. बराच मोठा हिस्सा सरकारी तिजोरी भरते. जगात वापरल्या जाणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी एक ते दोन टक्के ऊर्जा अमोनिया घडवण्यात जाते, आणि जगातली सुमारे निम्मी माणसे या नत्रावर पिकलेले अन्न खातात. लोखंडावरच्या टकरीत दहा लाखांऐवजी पाच लाखांत एक रेणू फुटू लागला, ताप आणि दाब थोडा कमी करता आला, तर त्याचा अर्थ घाटंजीच्या बाजारापर्यंत पोहोचतो. एर्ट्ल यांच्या निर्वातातले प्रयोग आणि सोन्यावर आपटणारे ते हायड्रोजनचे अणू म्हणूनच निव्वळ विद्वानांची करमणूक ठरत नाहीत.

परंतु गोणी शेतात पोहोचल्यावर काय होते, तेही पाहिले पाहिजे. आपली काळी जमीन चुनखडीयुक्त, अल्कधर्मी. तिच्यावर युरिया फोकला, तो मातीआड झाला नाही आणि पावसाने ताण दिला, की त्याचा अमोनिया होतो आणि उडून जातो. जोराचा पाऊस आला तर नत्र वाहून किंवा झिरपून जातो. आपल्याकडे दिलेल्या नत्रापैकी निम्म्याहूनही कमी पिकाच्या पदरात पडतो. ज्याची मिठी सोडवायला शंभर वर्षांचे शास्त्र, परदेशातला वायू आणि तापलेले लोखंड खर्ची पडले, तो नत्र चार दिवसांत धुऱ्यावरून हवेत परत जातो आणि कर्ज तेवढे शेतकऱ्याच्या नावावर राहते. ज्या जिल्ह्याचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर झाले, तिथे ही गळती काही थोडकी नव्हे. खत ओलीवर देणे, मातीआड करणे, एकदम न देता दोन-तीन हप्त्यांत देणे, या गोष्टी कृषी विद्यापीठे सतत सांगत आली आहेत. त्यांत नवे काही नाही. पण गोणीमागची ही कहाणी कळली की त्या सांगण्याला वजन येते.

आणि एक गोष्ट आपल्या वाडवडिलांना कोणत्याही नोबेलशिवाय ठाऊक होती. वऱ्हाडात कपाशीच्या काही ओळींनंतर तुरीची एक ओळ टाकण्याची पद्धत जुनी आहे. तुरीचे झाड हलक्या हाताने उपटून पाहा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. त्यांतले जिवाणू हवेतल्या नायट्रोजनची तीच तिहेरी मिठी सोडवतात. भट्टी नाही, प्रचंड दाब नाही, पावसाळी मातीच्या साध्या उबेत काम चालते. त्यांच्याकडे त्यासाठी एक विकर असते आणि त्याच्या गाभ्यात काय आहे? लोखंडाचे सात अणू आणि मॉलिब्डेनमचा एक, गंधकाने आणि मधोमध बसवलेल्या एका कार्बनने जोडलेले. म्हणजे इथेही लोखंडच! ऊर्जा मात्र तुरीच्या पानांनी उन्हातून कमावलेली असते आणि ती थोडी थोडी, हप्त्याहप्त्याने पोहोचवली जाते. मे महिन्यात टिनाचे घर भाजून काढणारे तेच ऊन श्रावणात मुळापर्यंत उतरून हे काम करून जाते.

तुरीच्या त्या गाठींसारखे संथ, गार लोखंड माणसाला घडवता येईल काय, यावर जगातल्या प्रयोगशाळा आज झटत आहेत. ते साधेल तेव्हा साधेल. तोवर एकरावरच्या तीस हजार टनांतला जो पाव-अर्धा क्विंटल नत्र आपण इतक्या महागामोलाने खाली उतरवतो, तो मातीत राहील एवढे पाहणे आणि कपाशीतली तुरीची ओळ मोडू न देणे आपल्या हाती आहे.